डेडस्टॉक

कॉलेज बंद करायचा आदेश आला, त्याच्या तिसऱ्या दिवशी
मी डेडस्टॉक रजिस्टर काढून बसलो.
एप्रिल. पंखा चालू, वारा नाही.

अनुक्रमांक एक : घंटा, लोखंडी, रुळाचा तुकडा.
कोणी आणला, कुठून, नोंद नाही.
दस्तगीरचाचा सांगायचे, ती उगाच टांगलेली,
आपलं ट्रेनिंग कॉलेज चालायचं गिरणीच्या भोंग्यावर.
पहिला भोंगा, की वसतिगृहात बादल्या वाजायच्या.
दुसरा, की प्रार्थना.
रात्रपाळीच्या भोंग्याला कंदील मालवायचे,
तरी कोपऱ्यात कोणीतरी चिमणी लावून
उद्याच्या पाठाचं टाचण काढत बसलेलं :
साहित्य, प्रस्तावना, हेतुकथन,
आणि शेवटी गृहपाठ,
जो कोणी करून आणेल याची खात्री
तेव्हाही नसायची.

अनुक्रमांक चौदा : बाक, सागवानी, साठ.
शेरा : बारा निर्लेखित.
हा शब्द मला या नोकरीने शिकवला.
मोडलं म्हणायचं नाही, वाळवी लागली म्हणायचं नाही.
निर्लेखित.
म्हणजे होतं, लिहिलंही होतं,
आता लिहिलेलं परत घेतलं.

कपाटाच्या तळाशी, रजिस्टरात कुठेच नसलेल्या
पाठ निरीक्षणाच्या वह्या निघाल्या.
कडा कसरीने खाल्लेल्या, मधली अक्षरं शाबूत.
नरसव्वा चिट्याल, प्रथम वर्ष.
साखर पेठेतली शाळा, इयत्ता दुसरी,
विषय मराठी, घटक पाणी.
पट पस्तीस. निम्म्या घरांत माग,
आणि मागावर बोलणं तेलुगूत.
खाली कडगंची सरांची तांबडी शाई :
'पाणी म्हटल्यावर मुले गप्प.
बाईंनी नीळ्ळु म्हटले.
परभाषेचा वापर टाळावा.'
मग ही शेवटची ओळ खोडलेली,
एकाच रेघेने, पट्टी ठेवून खोडावी तशी.
तिच्याखाली, जागा नव्हती म्हणून बारीक अक्षरात :
'मुले हसली. तिघांनी फळ्यावर येऊन पाणी लिहिले.
मीही घरी नीरु म्हणतो.'
गुण पंचवीसपैकी एकोणीस.
एकोणीसच. सर कडक होते.

मी वही मिटली. पुन्हा उघडली.

भोंगा थांबला त्या वर्षीचं हजेरीपत्रकही सापडलं.
एका सोमवारी अख्खं प्रथम वर्ष उशिरा,
प्रत्येक नावापुढे तांबडा ठिपका,
आणि समासात प्राचार्यांनी लिहिलेलं :
'भोंगा झाला नाही. विलंब सकारण.'
मंगळवारपासून चाचांनी रूळ बडवायला घेतला.
हात दुखतो म्हणायचे, पण दुसऱ्याला देत नसत.

नंतरचं मला ठाऊक आहे, मी होतोच खिडकीत.
एका वर्षी अर्जाची रांग पार रसवंतीपर्यंत,
बाप लोक पिशवीत कडक भाकऱ्या घेऊन मुक्कामाला.
गल्लोगल्ली आमच्यासारखी कॉलेजं निघाली.
मग भरती थांबली.
डी.एड. झालेली पोरं टॉवेलच्या दुकानात घड्या घालू लागली.
एक जण पंपावर भेटला, मीटर शून्य दाखवत म्हणाला,
'सर, इथंही आधी शून्यच शिकवावं लागतं.'
तो हसला. मी सुट्टे पैसे मोजत राहिलो.

शेवटच्या वर्गात फळा तसाच आहे.
उजव्या कोपऱ्यात, रेघ आखून : पट ४, हजर ३.
चौथी राहेल. तिची त्या दिवशी शिवणकामाची पाळी होती.
आठवड्याने येऊन एकटीने पाठ दिला,
समोर विद्यार्थी म्हणून उरलेल्या तिघी, मी,
आणि दारात उभा पाणीवाला.

वह्यांचं काय करायचं, आदेशात नाही.
ज्याची नोंदच नाही त्याचं निर्लेखन कसं करतात
हे कुठल्या परिपत्रकात असलं तर मला माहीत नाही.
मी त्या पिशवीत घातल्या.

उरला रूळ.
भंगारवाला म्हणाला, वजनावर घेतो.
खाली उतरवण्याआधी एकदा टोला दिला,
खरं सांगायचं तर ऐकायचा होता म्हणून.
समोरच्या माळ्यावरून एक बाई वाकली,
हातात ओला कपडा तसाच :
'आज भरलं काय कॉलेज?'
नाही, म्हटलं. मोजून घेतोय.